पहिला युरोप: कोणते देश, किती रात्री आणि कुठे काय अडतं

साकव

दर जानेवारीत "युरोपला जायचंय, कुठे जाऊ?" हा प्रश्न येतो आणि उत्तरं दहा ठिकाणी विखुरतात. म्हणून हा एकच धागा. बारा-चौदा रात्रींची, आपली आपण आखलेली, पहिली सहल गृहीत धरली आहे.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा, निम्मे घोळ इथेच होतात. शेंगेन म्हणजे एका व्हिसावर फिरता येणारे २९ देश. युरोपीय संघ म्हणजे २७ देश. युरो चलन वापरणारे देश ही तिसरी यादी. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड संघात आहे, युरोही वापरतो, पण शेंगेनमध्ये नाही. चेकिया आणि हंगेरी संघात आणि शेंगेनमध्ये आहेत, मात्र पैसे कोरुना आणि फोरिंटमध्ये. ब्रिटन यातल्या कशातच नाही. लंडन जोडायचं तर वेगळा व्हिसा, वेगळी फी, वेगळी फाईल. पहिल्या सहलीत लंडन घालूच नये, असं माझं मत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन आणि युरो दोन्हींत आला. रोमेनिया-बल्गेरियाच्या रस्ते-रेल्वे सीमाही १ जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या. त्याआधीचे लेख वाचून आखणी करू नका.

आता देशांची संख्या. "दहा दिवसांत सात देश" हे बसच्या खिडकीतून शक्य आहे, पायी नाही. हॉटेल सोडायची वेळ सकाळी १० ते ११, नव्या हॉटेलात खोली मिळते दुपारी २ ते ३ वाजता. म्हणजे प्रत्येक गाव बदलताना अर्धा दिवस जातोच, प्रवास दोन तासांचा असला तरी. बारा रात्रींत तीन मुक्काम उत्तम, चार चालतील, पाच झाले की सहल सामानाची होते.

जोड्या अशा लावा:

पॅरिस–स्वित्झर्लंड–इटली ही नेहमीची वाट. पॅरिस ते झुरिक थेट टीजीव्ही (फ्रान्सची वेगवान गाडी) सुमारे ४ तास, झुरिक ते मिलान साडेतीन तासांच्या आत, कारण गाडी २०१६ साली उघडलेल्या ५७ किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्यातून जाते. विमान पॅरिसला उतरणारं आणि रोमहून परतणारं घ्या. येणं-जाणं एकाच गावातून केलं की परतीच्या प्रवासात अख्खा दिवस फुकट जातो. ही वाट सगळ्यात महाग आणि सगळ्यात गर्दीची, तरीही पहिल्यांदा जाणाऱ्याला आवडतेच.

प्राग–व्हिएन्ना–बुडापेस्ट: प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने ४ तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीनच्या आत. तीन राजधान्या, एकच रेल्वेमार्ग, आणि खर्च पहिल्या वाटेपेक्षा बराच कमी. पण बर्फाचे डोंगर हवे असतील तर ही वाट नाही, किंवा मग मध्ये साल्झबुर्ग घाला.

स्पेन–पोर्तुगाल: ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दिवाळी सुट्टीसाठी हाच पर्याय शहाणपणाचा. तेव्हा उत्तरेत संध्याकाळी पाचला अंधार पडतो, सेव्हिल-लिस्बनला अजून ऊन असतं.

नेदरलँड्स–बेल्जियम–पॅरिस: ट्यूलिप पाहायचे असतील तरच याला पहिली पसंती. कॉयकेनहोफ बाग मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच उघडी असते. शाळा संपून जाईपर्यंत फुलं उतरणीला लागलेली असतात.

व्हिसा, रेल्वे, खाणं यांवर जाणकारांनी भर घालावी.

फाईलबंद

व्हिसाचं मी लिहिते.

अर्ज कोणत्या देशाकडे? जिथे रात्री सर्वांत जास्त, त्या देशाकडे. रात्री समसमान असतील तर जिथे आधी पाऊल टाकणार त्या देशाकडे. "अमुक देश पटकन देतो" म्हणून तिथल्या खोट्या रात्री दाखवायच्या आणि नंतर बुकिंग रद्द करायचं हा उद्योग करू नका. सीमेवर बुकिंग विचारतात, आणि पुढच्या अर्जात जुना प्रवास तपासला जातो.

फी प्रौढांना ९० युरो (११ जून २०२४ पासून), ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना शून्य. शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी फी परत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाची मुदत १५ दिवस, ती ४५ पर्यंत ताणता येते. मेमध्ये जायचं असेल तर खरी अडचण अपॉइंटमेंटची असते. मार्चमध्ये शोधायला बसलात तर मुंबई-पुण्यात स्लॉट दिसत नाहीत. जानेवारीच्या शेवटापर्यंत तारीख हातात हवी. बहुतेक देशांचे अर्ज व्हीएफएस ही कंपनी घेते, स्पेनचे बीएलएस.

पासपोर्ट: परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध, गेल्या १० वर्षांत काढलेला, दोन पानं कोरी. फोटो ३५ बाय ४५ मिमी. विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांना लागू, सगळे दिवस झाकणारा. ज्येष्ठांचा विमा घेताना आधीपासूनच्या आजारांचं कलम वाचा. स्वस्त पॉलिसीत रक्तदाब-मधुमेहाशी संबंधित काहीच मिळत नाही, आणि व्हिसावाल्यांना त्याच्याशी देणंघेणं नसतं. व्हिसा मिळतो, दवाखान्यात अडतं.

नकार कशाने येतात? खात्यात आदल्या आठवड्यात अचानक चार-पाच लाख जमा झालेले. विमानाच्या तारखा, हॉटेलच्या तारखा आणि रजेच्या पत्रातल्या तारखा एकमेकांशी न जुळणं. मधल्या एका रात्रीचं बुकिंगच नसणं, विशेषतः रात्रीच्या रेल्वेची रात्र. कव्हरिंग लेटरमध्ये भावना नकोत. एक तक्ता द्या: तारीख, गाव, मुक्कामाचा पत्ता, पुढच्या गावाला जाण्याचं साधन. अधिकारी तोच वाचतो.

लहान मूल फक्त आजी-आजोबांबरोबर किंवा एकाच पालकाबरोबर जात असेल तर न येणाऱ्या पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागतं. आईचं नाव पासपोर्टवर माहेरचं आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर सासरचं असेल तर विवाह प्रमाणपत्र जोडा. आपल्याकडे हे फार वेळा होतं आणि फार उशिरा लक्षात येतं.

एक चांगली बातमी: एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम असा की गेल्या ३ वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नियम पाळून वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. बोटांचे ठसे ५९ महिने चालतात. मात्र दोन वर्षांचा व्हिसा म्हणजे दोन वर्षं राहण्याची मुभा नव्हे. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, हीच मर्यादा.

नवखा१२

ईटीआयएएस नावाचं काहीतरी नवीन काढावं लागतं म्हणे? तेही व्हिसाबरोबर?

फाईलबंद

नाही. ईटीआयएएस ज्यांना व्हिसा लागत नाही अशा देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीय पासपोर्टला त्याचा संबंध नाही, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आपल्याला लागू होतं ते ईईएस, म्हणजे सीमेवरची नवी नोंदणी. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालं, १० एप्रिल २०२६ पासून पूर्ण. पासपोर्टवर शिक्क्याऐवजी संगणकात नोंद होते आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. पहिल्या प्रवेशाला त्यामुळे रांग लांबते. हा प्रवेश तुम्ही शेंगेनमध्ये जिथे पहिल्यांदा उतरता तिथे होतो. मुंबई–फ्रँकफुर्ट–प्राग असेल तर इमिग्रेशन फ्रँकफुर्टला, प्रागला नाही. म्हणून तिथे दीड तासाचं कनेक्शन घेऊ नका, तीन तास ठेवा. दुबई-दोहामार्गे गेलात तर हा प्रश्न उरत नाही, सगळं मुक्कामाच्या विमानतळावरच होतं.

रूळांतर

रेल्वे.

"युरेल पास (अनेक देशांच्या रेल्वेचा एकच पास) काढू का?" याचं उत्तर बारा रात्री-तीन मुक्कामाच्या सहलीत बहुधा "नको". (आणि इंटररेल आपल्याला मिळतच नाही, तो युरोपात राहणाऱ्यांसाठी.) पास हातात असला तरी फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोसा, स्पेनची एव्हीई आणि युरोस्टार यांत जागेचं आरक्षण सक्तीचं आणि वेगळ्या पैशांचं. टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये पासवाल्यांच्या जागा ठरावीक, त्या आधी संपतात. उलट जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत तिकीट काढून कुठल्याही रिकाम्या जागी बसा. पास फायद्याचा तिथेच, जिथे तुम्ही रोज गाडीत आहात. तीन मुक्कामांच्या सहलीत गाव बदलणारे प्रवास दोन, फार तर तीन.

तिकिटांचे दर विमानासारखे चढतात. ऑस्ट्रियन रेल्वेची श्पारशीने, जर्मन रेल्वेची श्पारप्राइस ही स्वस्त तिकिटं ठरावीक गाडीचीच असतात, ती गाडी चुकली की तिकीट वाया. पण गाडी रेल्वेच्याच उशिरामुळे चुकली तर पुढची गाडी पकडता येते, मात्र दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत. म्हणून पैसे वाचवायला तुकड्यातुकड्यांची तिकिटं काढताना हा धोका मोजा. जर्मनीत उशीर हा अपवाद नाही, तिथे गाडी बदलायला आठ मिनिटांचं कनेक्शन घेणं म्हणजे जुगार.

जर्मनीचं डॉइचलंड तिकीट सगळ्यांना माहीत असतं: महिन्याला ठरावीक रक्कम, देशभर प्रवास. दोन अटी कुणी सांगत नाही. एक, ते फक्त प्रादेशिक गाड्या, मेट्रो, ट्राम, बसमध्ये चालतं, आयसीई या वेगवान गाड्यांत नाही. दोन, ते वर्गणीसारखं आहे. त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

तिकीट पंच करणं. आपल्याला सवय नसते. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या मशीनमध्ये पंच करावं लागतं. प्राग, बुडापेस्टमध्ये मेट्रो-ट्रामचं कागदी तिकीट तसंच. तिकीट खरं, पैसे भरलेले, पण पंच नाही म्हणजे विनातिकीट. टीसी "पर्यटक आहे" म्हणून सोडत नाही, पर्यटकांसाठीच तो तिथे उभा असतो.

पॅरिसमध्ये जानेवारी २०२५ पासून मेट्रो आणि आरईआर (उपनगरी गाड्या) यांचं तिकीट कुठेही एकाच दराचं, विमानतळाचं वेगळं आणि महाग. तिकिटं भरायचं नाविगो ईझी कार्ड दोन युरोंचं. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड हवं, एकाच कार्डावर चौघे जाऊ शकत नाहीत. आठवड्याचा पास सोमवार ते रविवार असतो, तुमच्या आगमनापासून सात दिवस नव्हे. गुरुवारी उतरणाऱ्याला तो घाट्याचा.

तांबडीमाती

व्हिएन्ना विमानतळावर हिरवी सिटी एअरपोर्ट ट्रेन समोर दिसते, लोक मुकाट्याने त्यात चढतात. त्याच स्टेशनातून रेलजेट (ऑस्ट्रियाची वेगवान गाडी) आणि एस-७ लोकल सुटतात, कितीतरी स्वस्तात. रेलजेट तर थेट मुख्य स्टेशनला पंधरा मिनिटांत.

नवखा१२

फार उपयोगी. माझं गणित सांगतो: मेचा दुसरा-तिसरा आठवडा, १२ रात्री. आई-बाबा सत्तरीचे, मुलगी ९ वर्षांची. बर्फ हवा आहे. बाबांना गुडघ्यामुळे जिने जमत नाहीत. सगळे शाकाहारी, अंडं चालतं. पॅरिस-स्वित्झर्लंड-रोम करावं का?

हिमरेषा

गुडघा असेल तर पॅरिस आणि रोम दोन्ही जड. पॅरिसच्या जुन्या मेट्रो स्टेशनांत लिफ्ट जवळजवळ नाहीत. पूर्णपणे लिफ्टची सोय असलेली लाईन १४. बस मात्र सगळ्या बिनपायऱ्यांच्या, बाबांना बसनेच फिरवा. रोममध्ये काळ्या चौकोनी दगडांच्या फरसबंदीवर चालणं हा वेगळा व्यायाम. त्यापेक्षा स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया धरा. गाड्या, ट्राम, फलाट, लिफ्ट यांची सोय या दोन देशांत सर्वांत चांगली.

मे महिन्याबद्दल सावध करते. आपल्याला वाटतं उन्हाळा, आल्प्समध्ये तो मधला काळ. फुर्का, ग्रिमसेल, सुस्टेन या खिंडी जूनच्या आसपास उघडतात. काही रोपवे दुरुस्तीसाठी बंद असतात. लुत्सर्नजवळच्या पिलाटुसची ४८ टक्के चढाची दातेरी रेल्वे, जगातली सर्वांत तीव्र चढाची, हिवाळ्यात बंद असते आणि मेमध्ये बर्फ हटल्यावर सुरू होते. ती बंद असेल तर क्रीन्सकडून रोपवेने वर जाता येतं. प्रत्येक डोंगराच्या संकेतस्थळावर "रिव्हिजन"च्या तारखा पाहूनच हॉटेल घ्या.

बर्फासाठी युंगफ्राउयोख की टिटलिस? युंगफ्राउयोख ३,४५४ मीटर, टिटलिसचं वरचं स्टेशन ३,०२० मीटर. सत्तरीच्या माणसाला, विशेषतः रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर, हा चारशे मीटरचा फरक जाणवतो. २०२० पासून ग्रिंडेलवाल्डहून आयगर एक्सप्रेस (रोपवे) पंधरा मिनिटांत युंगफ्राउयोखच्या वाटेवरच्या आयगरग्लेचरला नेते. वेळ वाचला, पण शरीराला उंचीची सवय व्हायचा अवधीही कमी झाला. वर पोचल्यावर लगेच भराभर चालू नका, पाणी प्या, डोकं दुखून मळमळायला लागलं तर पुढच्या गाडीने खाली. औषध म्हणजे खाली उतरणं, चहा नव्हे. चौघांसाठी मी टिटलिस सांगेन. लुत्सर्नहून एंगेलबर्ग पाऊण तास, तिथून रोपवे. आणि तिकीट आदल्या संध्याकाळी, वेबकॅम पाहून काढा. ढगात शिरलेल्या डोंगराचं तिकीट परत होत नाही.

रिगी चुकवू नका. १,७९८ मीटर, उंचीचा त्रास नाही. लुत्सर्नहून बोटीने फिट्सनाउ, तिथून १८७१ साली सुरू झालेली दातेरी रेल्वे, युरोपातली पहिली. शिखराच्या स्टेशनवर उतरल्यावर बाकं आहेत, बाबांना तिथेच तलाव दिसेल.

पास: स्विस ट्रॅव्हल पासमध्ये गाड्या, बोटी, शहरातल्या बस आणि रिगी पूर्ण येतं. टिटलिसवर एंगेलबर्गपासून ५० टक्के सूट, युंगफ्राउयोखवर ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनच्या पुढे फक्त २५. हाफ फेअर कार्ड महिनाभर चालतं आणि युंगफ्राउयोखलाही निम्मं भाडं लावतं. हिशोब असा करा: एसबीबीच्या (स्विस रेल्वेच्या) ॲपवर तुमच्या रोजच्या प्रवासांचं पूर्ण भाडं मांडा. बेरजेचं निम्मं अधिक कार्डाची किंमत पासपेक्षा कमी असेल तर कार्ड. एकाच गावी राहून दोन डोंगर करणाऱ्यांना बहुधा कार्ड परवडतं, रोज गाव बदलणाऱ्यांना पास. आधी ठरलेलं असेल तर सेव्हर डे पासही पाहा, हाफ फेअर कार्डवाल्यांना तो २९ फ्रँकपासून मिळतो, जितका लवकर तितका स्वस्त. मुलीसाठी स्विस फॅमिली कार्ड मागून घ्या, ६ ते १५ वर्षांचं मूल पालकाबरोबर फुकट. ते आपोआप येत नाही, मागावं लागतं.

इंटरलाकेन की लुत्सर्न? इंटरलाकेनला भारतीय जेवण आणि यश चोप्रांचा पुतळा. लुत्सर्नला तलाव, जुना लाकडी पूल, आणि स्टेशन-बोटीचा धक्का शेजारी-शेजारी. गुडघ्यासाठी लुत्सर्न.

साकव

सहमत. शिवाय ऑस्ट्रियात साल्झबुर्ग कार्ड घेतलंत तर किल्ल्याची दोरखेच रेल्वे आणि उंटर्सबर्गचा रोपवे (१,७७६ मीटर) दोन्ही त्यात येतात. हालश्टाट करणार असाल तर एक लक्षात ठेवा, रेल्वे स्टेशन तलावाच्या या काठाला आणि गाव त्या काठाला. मधली बोट गाड्यांच्या वेळेनुसार सुटते, शेवटची संध्याकाळीच जाते. ती चुकली तर टॅक्सी शोधत बसाल.

भाजणी

खाण्याचं.

आधी नेण्याचं. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दूधदुभतं आणायला प्रवाशांना बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, पनीर, श्रीखंड नाही, पाकीट सीलबंद असलं तरी नाही. फळं-भाज्या-पानं प्रमाणपत्राशिवाय नाहीत. सूट फक्त केळं, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन या पाचांना. मेमध्ये नातेवाइकांसाठी हापूसची पेटी नेणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. कढीपत्त्याची जुडीही नको. चिवडा, खाकरे, भाजणी, कोरडी चटणी, मेतकूट खुशाल न्या. बाळाच्या दुधाच्या पावडरीला २ किलोपर्यंत मुभा.

तिथे गेल्यावर फसवणारे पदार्थ. स्पेनमध्ये सँडविचचं नाव "वेजेताल" असतं आणि आत ट्यूना मासा निघतो. फ्रान्सचं कांद्याचं सूप गोमांसाच्या पाण्यात शिजतं. इटलीत पार्मिजानो चीज रेनेटने, म्हणजे वासराच्या पोटातल्या विरजणाने, विरजतात, काटेकोर शाकाहारी असाल तर "सेंझा फोर्माज्जो" (चीज नको) सांगा. पिझ्झा मरिनारा नावाने समुद्री वाटतो, प्रत्यक्षात टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ना मासा ना चीज. ऑस्ट्रियात केझश्पेट्झले (चीज घातलेल्या शेवया) मागवताना "ओने श्पेक" (बेकन नको) म्हणा, नाहीतर डुकराच्या मांसाचे तुकडे पडतील. कायझरश्मार्न म्हणजे गोड, अंड्याचं, तव्यावर मोडलेलं जाड धिरडं. मुलीला आवडेल.

स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, पण रविवारी ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंडमध्ये किराणा दुकानं बंद. उघडी असतात ती मोठ्या रेल्वे स्टेशनांतली. शनिवारी संध्याकाळी दूध-ब्रेड-दही आणून ठेवा.

फोरिंट

पैशांचं थोडक्यात. कार्डाचं मशीन "रुपयांत द्यायचं की युरोत?" विचारेल. नेहमी स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले की दर दुकानदाराच्या बँकेचा लागतो आणि तो वाईटच असतो. एटीएमलाही तेच, "कन्व्हर्जन नको" हा पर्याय दाबला तरी पैसे निघतात. युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड फ्रँक, कोरुना, फोरिंटमध्ये वापरलं तर अदलाबदलीचं शुल्क पडतं. त्या चलनाचं पाकीट आधी भरा.

प्रागमध्ये रस्त्यावर "चांगला दर देतो" म्हणणाऱ्याकडून नोटा घेऊ नका, चलनातून गेलेल्या परदेशी नोटा हातात येतात. दुकानात बदलून दर फसवा निघाला तर चेक कायद्याने १,००० युरोंपर्यंतचा व्यवहार ३ तासांच्या आत रद्द करता येतो. पावती टाकू नका. हे माहीत आहे म्हटल्यावर काउंटरवरचा सूर बदलतो.

आणि बुडापेस्टमध्ये "६५ वरच्यांना प्रवास फुकट" हे युरोपीय संघाच्या नागरिकांपुरतं. आई-बाबांची तिकिटं काढा.

मांडवी

पोर्तुगालात उलट. तिथल्या रेल्वेत ६५ वरच्या कुणालाही निम्मं भाडं, पासपोर्ट दाखवला की झालं. गोव्याच्या लोकांनी लिस्बन ठेवावंच, जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर आहे. सोमवारी बंद. हॉटेलात न मागता पाव-ऑलिव्ह-चीज मांडतात, ते फुकट नसतं. नको असेल तर हात लावू नका, परत नेतात.

रूळांतर

बंद दिवसांवरून: पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी, ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी, व्हॅटिकन संग्रहालय रविवारी (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून). लूव्रचं तिकीट जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्यांना ३२ युरो. आयफेलच्या लिफ्टची तिकिटं ६० दिवस आधी खुली होतात, कोलोसियमची ३०. स्पेनमधल्या ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्याच्या तिकिटावर पासपोर्टवरचं नाव असतं आणि नासरी महालाची वेळ चुकली की आत सोडत नाहीत.

सोनसाखळी

खरेदीवरच्या कराचा परतावा कुठे घ्यायचा? पॅरिसला खरेदी आणि विमान झुरिकहून असेल तर झुरिक विमानतळावर?

फाईलबंद

नाही, आणि इथे बरेच जण अडकतात. कस्टमचा शिक्का युरोपीय संघ सोडताना मिळतो. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असलं तरी संघाबाहेर आहे. म्हणजे पॅरिसच्या वस्तूंचा शिक्का फ्रान्समधून बाहेर पडतानाच घ्यायला हवा. झुरिकला कुणी विचारणार नाही. विमान मिलान किंवा व्हिएन्नाहून असेल तर प्रश्न नाही. एकाच दुकानात किमान खरेदी जर्मनीत ५०, इटलीत ७०, ऑस्ट्रियात ७५, फ्रान्समध्ये १०० युरोंच्या वर. वस्तू चेक-इन बॅगेत असेल तर बॅग टाकण्याआधी कस्टमकडे जा.

तांबडीमाती

क्रोएशियावाल्यांसाठी एक ओळ: स्प्लिटहून दुब्रोव्निकला बसने जाताना काही बस अजून नेउममधून, म्हणजे बोस्नियातून जातात. सिंगल एंट्री व्हिसावर असं शेंगेन सोडून परत आत येणं नको. २०२२ साली उघडलेल्या पेल्येशाच पुलावरून जाणारी बस आहे का, तिकीट काढतानाच विचारा.

नवखा१२

सगळ्यांचे आभार. ठरवलं ते असं: मुंबई–झुरिक, लुत्सर्न ५ रात्री, साल्झबुर्ग ३, व्हिएन्ना ४, व्हिएन्नाहून परत. व्हिसा स्वित्झर्लंडकडे टाकतो, कारण उतरणार तिथे.

फाईलबंद

नको. ऑस्ट्रियात ७ रात्री, स्वित्झर्लंडमध्ये ५. अर्ज ऑस्ट्रियाकडे. उतरण्याचा देश फक्त बरोबरी झाली तरच पाहतात. कव्हरिंग लेटरमध्ये हे एका वाक्यात लिहा.

हिमरेषा

तारखा टाकण्यापूर्वी कॅलेंडरवर असेन्शनचा (ख्रिस्ती सणाचा) गुरुवार शोधा, ईस्टरनंतर ३९ दिवसांनी येतो आणि बहुधा मेमध्येच. दोन्ही देशांत सुट्टी, दुकानं बंद, आणि पुढचा शुक्रवार जोडून लोक चार दिवस बाहेर पडतात. त्या दिवशी लुत्सर्न–साल्झबुर्ग प्रवास ठेवू नका. व्हिएन्नाचं कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालय मेमध्ये सोमवारी बंद, ब्रॉयगेलच्या चित्रांची खोली पाहायची तर तो दिवस टाळा.

रूळांतर

आणि झुरिक–साल्झबुर्ग रेलजेट थेट आहे, साडेपाच तासांच्या आसपास. आरक्षण सक्तीचं नाही, पण ज्येष्ठ आणि मूल बरोबर असताना तीन-चार युरो टाकून जागा ठरवा. झुरिकहून निघताना डाव्या खिडक्या घ्या, आधी झुरिकचा तलाव आणि मग वालेनझे तलाव, दोन्ही त्याच बाजूला. बुक्स स्टेशनवर गाडीची दिशा उलटते. चुकीच्या गाडीत बसलो असं वाटून कुणी सामान उतरवू नये, ती ऑस्ट्रियातल्या आर्लबर्गकडेच जाते. पुढे कुफश्टाइननंतर थोडा वेळ गाडी जर्मनीतून धावते, फोनवर "जर्मनीत स्वागत" येईल आणि कधी पोलीसही येतील. पासपोर्ट वरच्या बॅगेत नको, अंगाशी ठेवा.